वाचकांचे प्रश्न : बंद पडलेल्या घड्याळाला चावी देण्यापूर्वी

चावीच्या घड्याळांविषयी या वेळी इतकी पत्रे आली, की संपूर्ण सदर त्यांनाच द्यावे लागले. सेलवरचे घड्याळ बंद पडले तर सेल बदलण्यापलीकडे घरी करण्यासारखे फारसे काही नसते. चावीचे घड्याळ मात्र वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिल्यावरही चावी फिरवताच टिकटिकण्याची शक्यता असते, आणि त्या आशेपोटीच त्याच्यावर नको ते प्रयोग होतात. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझ्या वडिलांचे एचएमटी 'जनता' हे घड्याळ ते निवृत्त झाल्यापासून कपाटात ठेवलेले आहे. आता ते मी रोज वापरावे अशी इच्छा आहे. चावी फिरते, पण पूर्ण देण्याची भीती वाटते. चावी देऊन सरळ सुरू करावे, की आधी कारागिराकडे न्यावे?
एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : पूर्ण चावी लगेच देऊ नये, परंतु त्यामागचे कारण कमान, म्हणजे चावी दिल्यावर आवळली जाऊन घड्याळ चालवणारी स्प्रिंग, तुटण्याची भीती हे नव्हे. एवढ्या वर्षांत घड्याळातील तेल सुकलेले असते, आणि कमानीचा पूर्ण जोर मिळाला की कोरडे यंत्रसुद्धा काही काळ रेटून चालते. त्याचे ते चालणेच नुकसानकारक असते.

'जनता'चे यंत्र ताशी १८,००० ठोके देते, म्हणजे सेकंदाला पाच आणि दिवसाला ४,३२,०००. प्रत्येक ठोक्याला बॅलन्स व्हील, म्हणजे झोके घेत वेळ राखणारे चाक, एका दिशेने फिरून परत वळते आणि त्याच्या आसाची अत्यंत बारीक पोलादी टोके माणकांच्या भोकांत फिरतात. डायलवर लिहिलेले 'सतरा ज्वेल्स' म्हणजे घर्षण कमी व्हावे म्हणून मोक्याच्या जागी बसवलेली सतरा कृत्रिम माणके होत. दागिन्यातल्या खड्यांसारखी त्यांची किंमत नसते. माणिक सहसा झिजत नाही, पोलाद झिजते. या दोहोंमध्ये तेलाचा जो सूक्ष्म थेंब असतो तो काही वर्षांत पसरतो, काकवीसारखा चिकट होतो, आणि त्यात धूळ मिसळली की वंगणाऐवजी घासणीचे काम करू लागतो. घड्याळ बंद असताना ही झीज होत नाही. म्हणून वीस वर्षे बंद राहिलेले घड्याळ पुष्कळदा आतून चांगले निघते, आणि 'अजून छान चालते' म्हणून वीस वर्षे तेलपाण्याशिवाय वापरलेले घड्याळ झिजलेले निघते.

तेव्हा पहिली तपासणी अशी करावी. घड्याळ मनगटावर असताना चावी देऊ नये, कारण त्या अवस्थेत बोटे चावीला तिरपी ओढतात आणि सगळा भार तिच्या बारीक दांडीवर येतो. घड्याळ हातात धरून, डायल वरच्या बाजूला ठेवून, चावी पुढच्या दिशेने चार-पाच वेळा अर्धा अर्धा फेरा फिरवावी. पुढे फिरवताना बारीक कटकट ऐकू आली पाहिजे आणि बोटाला हळूहळू वाढणारा विरोध जाणवला पाहिजे. बोटांची पकड न बदलता चावी मागेपुढे केली तरी चालते. मागे येताना ती मोकळी फिरते आणि त्याने काही बिघडत नाही. आता सेकंद काटा पाहावा. तो आपोआप सुटला आणि डायल वर, डायल खाली आणि चावी खाली अशा तिन्ही स्थितींत काही मिनिटे न अडखळता चालला, तर आत काही तुटलेले नाही असे समजण्यास हरकत नाही. काटा हलला नाही, तर घड्याळ डायलच्याच पातळीत एकदा हलकेच अर्धवट फिरवावे, म्हणजे बॅलन्स व्हीलला सुरुवातीची गती मिळते. टेबलावर आपटणे, तळहातावर ठोकणे किंवा जोराने झटकणे हे प्रकार अजिबात करू नयेत. त्या आसाची टोके मोडण्यास एवढे निमित्त पुरते.

हलवल्यावर घड्याळ सुरू झाले आणि मिनिटभरात पुन्हा थांबले, तर त्याला सुरू करण्याचा नाद तेथेच सोडावा. बहुतेक वेळा याचा अर्थ तेल सुकले आहे एवढाच असतो, आणि तो बिघाड मुळीच नव्हे. तीनदा, चारदा हलवून ते 'चालते' करणे म्हणजे त्या चिकट धुळीत आस घासत राहणे.

पुढचा भाग कदाचित आपल्याला निराश करील : घड्याळ आपोआप सुरू झाले तरीही ते रोज वापरण्याआधी एकदा उघडून, सुटे करून, धुऊन, नव्याने तेल देऊन घ्यावे. एचएमटीच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळुरूत सुरू झालेला हा उद्योग २०१६ मध्ये सरकारने बंद करण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे नवा सुटा भाग आज जुन्या साठ्यातून किंवा दुसऱ्या घड्याळातूनच मिळवावा लागतो. सुदैवाने या कंपनीने तेच यंत्र अनेक मॉडेलांत वापरले, म्हणून जुन्या बाजारात भाग अजून सापडतात. कारागिराला आधीच विचारावे, की तो यंत्र पूर्ण सुटे करणार आहे की अख्खे यंत्र पेट्रोलमध्ये बुचकळून वर तेल सोडणार आहे. दुसऱ्या पद्धतीने घड्याळ त्या दिवशी चालते, पण मळ एका जागेवरून निघून दुसऱ्या जागी बसतो आणि जास्तीचे तेल हेअरस्प्रिंगपर्यंत, म्हणजे बॅलन्स व्हीलच्या बारीक वेटोळ्या स्प्रिंगपर्यंत पोहोचते. आणखी एक विनंती : 'डायल नवी करून देतो' असे कोणी म्हटले तर नको म्हणावे. वडिलांच्या हातावर पिवळसर झालेली डायल पुन्हा रंगवली, की ते बाजारातल्या कुठल्याही घड्याळासारखे दिसू लागते.

प्रश्न : सासूबाईंच्या जुन्या घड्याळाची चावी अजिबात पुढे सरकत नाही आणि काटेही हलत नाहीत. दुकानदाराने 'जास्त चावी दिल्यामुळे ओव्हरवाइंड झाले' असे सांगितले. चावी नेमकी किती द्यावी आणि जास्त दिली तर घड्याळ खरेच बिघडते काय?
एक वाचिका, नाशिक

उत्तर : हा समज इतका रुजलेला आहे, की अनेक घरांत 'चावी पूर्ण भरू नये, दोन फेरे कमीच द्यावेत' असा दंडकच असतो. वस्तुस्थिती उलट आहे. कमान ही एका गोल डबीत गुंडाळलेली पोलादी पट्टी असते. चावी दिली की ती मधल्या आसाभोवती घट्ट आवळली जाते, आणि पूर्ण आवळली गेल्यावर आणखी आवळायला जागाच उरत नाही, म्हणून चावी थांबते. चावी थांबणे म्हणजे कमान भरली, एवढेच. त्या अवस्थेत घड्याळ बिघडलेले नसते. उलट पूर्ण भरलेल्या कमानीवर ते अधिक नियमित चालते.

आपल्या सासूबाईंच्या घड्याळात घडले ते असे असावे : कमान पूर्ण भरलेली आहे, म्हणजे शक्ती आहे, परंतु ती पुढे काट्यांपर्यंत पोहोचत नाही, कारण वाटेत कोठेतरी अडथळा आहे. तो सुकलेल्या तेलाचा असेल, तुटलेल्या बॅलन्स-आसाचा असेल, दातांत अडकलेल्या तंतूचा असेल किंवा एकमेकांना घासणाऱ्या काट्यांचाही असेल. घड्याळ मंदावू लागले की घरातील माणसे चावी कमी पडली असे समजून पुन्हा चावी देतात. अखेरीस ते पूर्ण चावीवर थांबलेले सापडते आणि दोष चावीला लागतो. चावी भरल्यामुळे घड्याळ थांबले नाही. ते थांबलेले असल्यामुळे भरलेली चावी उतरली नाही.

फेऱ्यांची संख्या प्रत्येक घड्याळात वेगळी असते, साधारण वीस ते चाळीस. परंतु फेरे मोजण्यापेक्षा बोटाला येणाऱ्या विरोधावर भर द्यावा. शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत चावी स्पष्टपणे जड होते आणि मग ठामपणे थांबते. तेथे थांबावे. शेवटच्या क्षणी सोडलेली चावी किंचित मागे सरकल्याचे जाणवले तर घाबरू नये. अनेक यंत्रांत तशी सोय मुद्दाम केलेली असते, कारण कमानीचा ताण अगदी टोकाला राहिला तर बॅलन्स व्हील प्रमाणाबाहेर झोके घेते आणि घड्याळ काही तास फार पुढे जाते.

मग 'जास्त चावीने' बिघडलेली घड्याळे नसतातच काय? असतात, पण बळजबरीने बिघडलेली. थांबलेली चावी आणखी पिरगळली तर दांडी मोडते, रॅचेटच्या चाकाचे दात तुटतात किंवा कमान सुटू नये म्हणून अडवणारी छोटी खिट्टी निसटते. या खिट्टीच्या बिघाडाची खूण सोपी आहे : चावी सोडताच ती आपोआप उलट फिरते. असे झाल्यास चावी देणे ताबडतोब थांबवावे, कारण भरलेली कमान एकदम सुटली तर पुढच्या चाकांचे दात जातात. याच्या उलट, हाताने चावी देण्याच्या घड्याळात चावी कितीही फिरवली तरी विरोध वाढतच नसेल, तर कमान तुटली आहे किंवा डबीतील तिचे टोक सुटले आहे. जुन्या कार्बन पोलादाच्या कमानी वापरात नसतानाही कधी कधी तुटत. आजच्या मिश्रधातूच्या कमानींत हे प्रमाण फार कमी झाले आहे.

दुकानदाराला एवढेच विचारावे, की चावी उतरवून यंत्राचा अडथळा कोठे आहे ते तो पाहणार आहे काय. कमानीचा ताण सावकाश उतरवणे हे कारागिराचे काम आहे, ते घरी करू नये.

प्रश्न : मी घरून काम करतो. माझे सेको ५ ऑटोमॅटिक घड्याळ शुक्रवारी काढून ठेवले की सोमवारी हमखास बंद असते. त्याची चावी फिरवून पाहिली, पण काही होत नाही. घड्याळात दोष आहे काय? तारीखही दर वेळी चुकते.
एक वाचक, पुणे

उत्तर : दोष बहुधा नाही. सेको ५ च्या अनेक घड्याळांत ७एस२६ हे यंत्र असते, आणि त्याला हाताने चावी देण्याची सोयच नाही; मनगटाच्या हालचालीनेच त्याची कमान भरते. चावी तेथे फक्त वेळ, तारीख आणि वार लावण्यासाठी आहे. हे यंत्र १९९६ पासून वापरात आले. नंतरच्या ४आर३६ सारख्या यंत्रांत हाताने चावी देता येते. आपल्या घड्याळाच्या मागील झाकणावर यंत्राचा क्रमांक कोरलेला असतो, तो पाहावा.

७एस२६ पूर्ण भरल्यावर साधारण चाळीस तास चालते. शुक्रवारी संध्याकाळी काढलेले घड्याळ रविवारी दुपारपर्यंत थांबणे हे अपेक्षितच आहे. दिवसभर टेबलापाशी बसून हात फारसा हलत नसेल तर कमान अर्धवटच भरते आणि घड्याळ त्याहूनही लवकर थांबते. दिवसातून निदान आठ तास ते हातावर असावे आणि अधूनमधून चालणे-फिरणे व्हावे, एवढी त्याची गरज आहे.

थांबलेले ऑटोमॅटिक घड्याळ सुरू करताना लोक ते मिश्रणाच्या बाटलीसारखे वरखाली झटकतात. त्याचा उपयोग नाही. आतील अर्धवर्तुळाकार वजन डायलच्या पातळीत फिरते, तेव्हा घड्याळही त्याच पातळीत, डायल आकाशाकडे ठेवून, डावीकडून उजवीकडे सावकाश झुलवावे. अर्ध्या मिनिटात ते सुरू होते. मात्र एवढ्याने कमान भरत नाही. लगेच हातात घालावे. नुसते झुलवून टेबलावर ठेवले तर ते काही वेळात पुन्हा थांबेल. ऑटोमॅटिक घड्याळाची कमान डबीच्या भिंतीला घट्ट बांधलेली नसते. ती भरली की तिचे बाहेरचे टोक भिंतीवर घसरते, त्यामुळे हात कितीही हलला तरी ताण वाढत नाही. याच कारणाने, हाताने चावी देता येणाऱ्या ऑटोमॅटिक घड्याळांतही चावी कधी ठामपणे थांबत नाही. तेथे वीस-तीस फेरे देऊन थांबावे, विरोधाची वाट पाहत बसू नये.

तारखेविषयी सविस्तर लिहितो, कारण बंद घड्याळ सुरू करताना सर्वाधिक नुकसान येथे होते आणि त्याचा पत्ता लागत नाही. तारीख आणि वार मध्यरात्री एका झटक्यात बदलतात असे वाटते, पण आतील बोट तारखेच्या चकतीला त्याच्या कितीतरी आधी टेकलेले असते आणि वार बदलून ते सुटेपर्यंत पहाट होते. या काळात, साधारण रात्री ९ ते पहाटे ४ दरम्यान, चावीने तारीख पुढे ढकलली तर प्लास्टिकचे किंवा बारीक धातूचे दात मोडू शकतात. थांबलेले घड्याळ दहा वाजून दहा मिनिटे दाखवत असेल तर ते सकाळचे दहा की रात्रीचे, हे कळायला मार्ग नसतो. म्हणून आधी चावी पूर्ण बाहेर ओढून काटे पुढच्या दिशेने फिरवत न्यावेत, तारीख बदलेपर्यंत. ती बदलली की मध्यरात्र झाली हे कळते. तसेच पुढे जाऊन काटे सकाळी ६ वर आणावेत, मग मधल्या खाचेत चावी ठेवून कालची तारीख आणि कालचा वार लावावा, पुन्हा काटे पुढे फिरवून मध्यरात्र ओलांडावी म्हणजे आजची तारीख येते, आणि मग प्रत्यक्ष वेळ लावावी. दुपार झाली असेल तर आणखी बारा तास पुढे जायला विसरू नये, नाहीतर दुसऱ्या दिवशी दुपारी तारीख बदलेल. हे सारे वाचायला लांबलचक वाटते, हाताला सवय झाली की मिनिटाचेही काम उरत नाही.

प्रश्न : पावसाळ्यात माझ्या घड्याळाच्या काचेला आतून वाफ धरते. दोन दिवसांपूर्वी ते थांबले. तांदळाच्या डब्यात ठेवले, पण फरक पडला नाही. आता चावी देऊन चालवत ठेवले तर ओल निघून जाईल काय?
एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नाही, आणि चालवू नये. आपल्याकडची पावसाळी हवा मुळातच दमट आणि किनाऱ्यावर खारट असते. ओल बाहेर काढण्याचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे मागचे झाकण उघडणे, आणि ते काम त्याच दिवशी कारागिराकडून करून घ्यावे. झाकण बंद असताना तांदूळ काय करणार? ओल ज्या फटीतून आत गेली त्या फटीतून ती सहज बाहेर येत नाही. केस वाळवण्याचे यंत्र किंवा ऊन वापरल्यास उष्णतेने आतली ओल नाहीशी झाल्यासारखी दिसते, पण ती यंत्राच्या थंड भागांवर जाऊन बसते आणि ॲक्रिलिकची काच असेल तर ती वाकडी होण्याचाही संभव असतो.

वाफ धरून घड्याळ थांबले म्हणजे गंजाला सुरुवात झाली असण्याची शक्यता मोठी आहे. सर्वांत आधी गंजते ती चावीची दांडी आणि तिच्या जवळचे भाग, कारण पाणी तेथूनच शिरते. चावी ओढायला जड झाली किंवा ओढल्यावर लालसर पावडर दिसली तर तो गंजच समजावा. अशा वेळी चावी दिली तर दांडी आतच तुटून अडकते. पूर्वीसारखा कोणी 'थोडे खोबरेल तेल सोडा' असा सल्ला दिला तर तो मानू नये.

पुढच्या पावसाळ्यासाठी दोन गोष्टी कराव्यात. सर्व्हिसिंगच्या वेळी झाकणाचे आणि चावीचे रबरी वळे बदलून घ्यावे. आणि चावी स्क्रूने बसणारी असेल तर प्रत्येक वेळी चावी दिल्यावर ती आत दाबून पुन्हा पिळून बसवावी. अनेक जण चावी देतात आणि ती उघडीच ठेवून पावसात जातात. झाकणावर पाणीरोधक असे लिहिलेले असते ते नव्या रबरी वळ्यांना लागू असते, दहा वर्षे जुन्या नव्हे.

प्रश्न : आजोबांचे खिशातले घड्याळ सापडले. त्याला कडेला चावी नाही. मागे झाकणाच्या आत दोन छिद्रे आहेत. सोबतची किल्ली हरवली आहे. ते सुरू करता येईल काय?
एक वाचिका, म्हापसा

उत्तर : करता येण्याची शक्यता आहे, पण आधी योग्य मापाची किल्ली मिळवावी. कडेच्या चावीने कमान भरण्याची पद्धत फ्रेंच कारागीर आद्रियां फिलीप यांनी १८४५ मध्ये पेटंट केली, आणि त्यानंतरही कित्येक दशके किल्लीची घड्याळे बनत राहिली. या किल्ल्यांना क्रमांक असतात आणि प्रत्येक घड्याळाच्या चौकोनी आसाला एकच क्रमांक नीट बसतो. सैल किल्लीने फिरवले तर आसाचे कोपरे झिजून तो गोल होतो, आणि मग कुठलीच किल्ली धरत नाही. पक्कड वापरण्याचा विचारही करू नये.

दोन छिद्रांपैकी मधले सहसा काटे लावण्याचे आणि बाजूचे कमान भरण्याचे असते. फिरवण्याची दिशा अगदी हलक्या हाताने शोधावी : एका दिशेने कटकट ऐकू येऊन किल्ली फिरते, दुसऱ्या दिशेने ती अडते. अडलेल्या दिशेने जोर लावू नये. इंग्लिश बनावटीच्या जुन्या घड्याळांत पुष्कळदा काट्याच्या उलट दिशेने चावी द्यावी लागते. त्यांत कमानीची डबी आणि शंकूच्या आकाराचे चाक यांच्यामध्ये सायकलच्या साखळीसारखीच, पण केसाएवढी बारीक साखळी असते. कमान उतरत जाईल तसा तिचा जोर कमी होतो, तो शंकूच्या कमीजास्त व्यासाने भरून निघतो. अशा घड्याळात चावी पूर्ण झाल्यावर जो थांबा लागतो, तो कमानीचा नसून साखळीला वाचवणाऱ्या अडसराचा असतो. तो ओलांडण्याचा प्रयत्न केला की साखळी तुटते, आणि ती जोडणारे कारागीर आता थोडेच उरले आहेत. म्हणून आतील झाकण उघडून यंत्र एकदा कारागिराला दाखवावे, आणि साखळी आहे असे कळले तर पहिली चावी त्याच्याच हातून द्यावी.

प्रश्न : वर्षभर बंद असलेले घड्याळ सुरू केले, तर ते आता दिवसाला दहा-पंधरा मिनिटे पुढे जाते. कारागिराला आतील, वेग कमी-जास्त करणारी मागे-पुढेची खूण सरकवायला सांगू काय?
एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी त्याला चुंबकत्व तपासायला सांगावे. एवढा मोठा फरक सहसा त्यामुळेच पडतो. घड्याळ मोबाइलच्या स्पीकरवर, पर्सच्या लोहचुंबकी कडीजवळ किंवा टॅब्लेटच्या कव्हरवर ठेवले गेले, की हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात, ती आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ धावू लागते. साधे होकायंत्र जवळ नेऊन सुई हलते का ते घरीही पाहता येते. चुंबकत्व घालवण्याचे यंत्र बहुतेक कारागिरांकडे असते आणि काम अर्ध्या मिनिटाचे आहे. चुंबकत्व नसेल तर हेअरस्प्रिंगवर तेल गेले असेल. दोन्ही शक्यता निकालात निघाल्यावाचून खूण सरकवू नये.

प्रश्न : माझ्याकडे तीन ऑटोमॅटिक घड्याळे आहेत. ती थांबू नयेत म्हणून फिरवत ठेवणारी पेटी घ्यावी काय?
एक वाचक, दुबई

उत्तर : गरज नाही. थांबलेले घड्याळ थांबल्याने खराब होत नाही. चंद्रकला, वर्ष वगैरे दाखवणारे आणि पुन्हा लावायला किचकट असे घड्याळ असेल तरच त्या पेटीची सोय वाटेल. साध्या तारखेच्या घड्याळासाठी ती म्हणजे वापर नसताना झीज चालू ठेवण्याचा खर्च आहे. महिन्यातून एकदा हातात घालावे, तेवढे पुरते.

प्रश्न : ऑनलाइन एक जुने एचएमटी घड्याळ घेतले. डायल अगदी नवी, गडद रंगाची, वार आणि तारीख आहे. पूर्ण चावी देऊनही ते जवळजवळ रोज रात्री बाराच्या सुमारास थांबते. सकाळी किंचित हलवले की सुरू होते. कारण काय असावे?
एक वाचक, इंदूर

उत्तर : वर्णनावरून दोन अंदाज निघतात. तारीख आणि वाराच्या चकत्या ढकलण्यासाठी यंत्राला मध्यरात्री जास्तीची शक्ती लागते. निरोगी यंत्राकडे ती असते. तेल सुकलेल्या किंवा झिजलेल्या यंत्रात शक्ती आधीच घर्षणात गेलेली असल्यामुळे ते नेमके त्या क्षणी दम सोडते. दुसरा अंदाज काट्यांचा आहे : बारा वाजता तास काटा, मिनिट काटा आणि अनेकदा सेकंद काटा एकमेकांवर येतात, आणि काटे नीट न बसवल्यास ते तेथे घासून अडतात. दोहोंतला फरक घरी ओळखता येतो. दुपारी बारा वाजता घड्याळाकडे लक्ष ठेवावे. दुपारीही थांबले तर काटे घासत आहेत. फक्त रात्रीच थांबले तर तारखेच्या भागाचा भार यंत्राला पेलवत नाही. हा पडताळा घेण्याआधी तारीख खरोखर रात्रीच बदलत आहे, दुपारी नव्हे, याची खात्री करून घ्यावी.

'अगदी नवी' डायल ही मात्र स्वतंत्र सूचना आहे. जुन्या यंत्रांवर नव्या रंगाच्या डायली छापून, वेगवेगळ्या घड्याळांचे काटे, बाहेरचे कवच आणि चकत्या जुळवून बनवलेली घड्याळे जगभर ऑनलाइन विकली जातात. संग्राहक त्यांना उपहासाने 'मुंबई स्पेशल' म्हणतात. ती सारीच चालत नाहीत असे नाही, पण त्यांतील पुष्कळांची डायल रंगते आणि यंत्र तसेच राहते. कारागिराकडे गेल्यावर वेळमापक यंत्रावर ते ठेवून बॅलन्सचा झोका किती अंशांचा येतो ते स्वतः पाहावे. पूर्ण चावीवर, डायल वर असताना तो साधारण २७० अंशांच्या जवळपास असला तर यंत्र ठणठणीत आहे. २०० च्या खाली असेल तर सर्व्हिसिंगशिवाय उपाय नाही. आणि तारखेचा भार तपासण्यासाठी रात्री साडेअकराच्या स्थितीत काटे लावून हेच माप पुन्हा घ्यायला सांगावे. झोका तेथे एकदम घटत असेल तर कारागिराने आधी तारखेच्या चकतीखालची स्प्रिंग पाहावी.